खालची टाकी

"दंतवैद्य जेवणाच्या आत टँक बघायला येतायत," थोरल्याने बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं. पहाटेच्या गाडीने आला होता, डोळ्यांतली झोप अजून उतरली नव्हती. "त्यांच्या वेटिंग रूमची एक अख्खी भिंत मोकळी आहे म्हणे. मासे, पंप, स्टँड, सगळं एकदम उचलतील."

माईंनी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. "ह्यांना सांगितलंस?"

"मी? माई, मी आत्ता दारात पाऊल टाकतोय. मला वाटलं, तू सांगितलं असशील."

माईंनी सांगितलं नव्हतं. टँक घरातून काढायचा, हा विचार त्यांचाच होता. गिऱ्हाईक शोध, असं फोनवर थोरल्याला म्हणाल्या होत्या त्याही त्याच. पण नवऱ्यासमोर उभं राहून ते म्हणायचं त्या रोज उद्यावर ढकलत होत्या, आणि ते उद्या आता पायरीवर येऊन ठेपलं होतं.

हॉलमध्ये दादा मांडीवर पाइपांचा नकाशा घेऊन बुटक्या स्टुलावर बसले होते. समोर भिंतभर टँक, त्याखाली लाकडी स्टँड, स्टँडची दारं सताड उघडी. आत धाकटी गुडघ्यांवर बसून एका पाइपाचा जोड आवळत होती. नाटकाचे सेट उभे करायचं तिचं काम, त्यामुळे पाना-पकड तिच्या हातात कंगव्यासारखी सहज फिरायची. गेल्या आठवड्यात ती "दोन दिवस राहून जाते" म्हणून आली आणि बापाबरोबर पाइप जोडत बसली ती बसलीच.

दादांनी थोरल्याला पाहिलं. चेहरा उजळला. डावा हात वर करून ते म्हणाले, "ये. शाळा... शाळा कशी होती?"

"प्रवास बरा झाला, दादा," थोरला म्हणाला.

दादांना अर्धांगाचा झटका आला त्याला वर्ष होत आलं होतं. उजवा हात जरा लुळा राहिला होता, पाय बराचसा सुधारला होता. शब्दांची मात्र पार गल्लत झाली होती. डोक्यात एक असायचं, जिभेवर भलतंच यायचं. चष्मा हवा असला की म्हणायचे, "रविवार दे." एकदा न्हाव्याला त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "मागून किल्ली बारीक कर." न्हावी बिचारा समजूतदार, त्याने बरोबर कापले. आपलं चुकलंय हे दादांना बोलून झाल्यावर कळायचं, आणि मग ते ओठ मिटून बसायचे. उभं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेला माणूस. आकडे आणि रेघा मात्र शाबूत होत्या. डाव्या हाताने काढलेली रेघ थरथरायची, पण जायची तिथेच जायची.

आणि मग ते पाण्याचं प्रकरण झालं.

त्या दिवशी माई बहिणीकडे गेल्या होत्या. टँकमधलं पाणी एका कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्यात सांडायचं, तिथून एकाच पाइपाने खालच्या टाकीत उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशी एक गोगलगाय नेमकी पाइपाच्या तोंडात जाऊन बसली. खाली जायचा रस्ता बंद, आणि पंप बापडा वर पाणी चढवतोच आहे. टँक काठोकाठ भरला आणि वाहायला लागला. दादा तेव्हा आतल्या खोलीतून बाहेर येत होते. पाण्यातून स्विचपर्यंत जायचा धीर त्यांना झाला नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. त्यांनी फोन उचलला आणि खालच्या मजल्यावर भावाला लावला.

"पाहुणे आलेत," ते म्हणाले. "पाहुणे! खूप पाहुणे आलेत!"

"अरे वा," काका म्हणाले. "चहा टाक त्यांना. मी गिऱ्हाईक आवरून येतो." आणि फोन ठेवला.

काकांचं फोटो फ्रेम करायचं दुकान बरोबर हॉलच्या खाली. थोड्याच वेळात छतातून पहिली धार कटिंगच्या टेबलावर आली. तिथे एका म्हातारबुवांच्या आईचा फोटो होता, जगात तेवढा एकच. तो फुगला, मग चेहऱ्यावरून उलला. म्हातारबुवा रागावले नाहीत. नुसते तो कागद हातात धरून दुकानात बसून राहिले, आणि ते काकांच्या जिवाला जास्त लागलं. तेव्हापासून काका टँकच्या नावाने बोटं मोडत होते. त्या फोनबद्दल मात्र चकार शब्द काढत नव्हते.

माईंचं वेगळंच झालं होतं. त्यांचे कान त्या टँकला बांधले गेले होते. स्वयंपाकघरात नळ सोडला तरी आधी हॉलमध्ये डोकावून यायच्या. बाजारातून अर्ध्या वाटेवरून परत फिरायच्या.

"दादा, बसा. थोडं बोलायचंय," थोरला म्हणाला. दादा बसलेलेच होते. "टँकसाठी एक चांगलं गिऱ्हाईक आलंय. दंतवैद्य आहेत. माशांची नीट काळजी घेतील."

दादांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे. धाकटी स्टँडमधून बाहेर आली. कपाळाला गोंद लागला होता.

"काय म्हणालास?"

"तुलाही सांगणारच होतो."

"आठवडाभर आम्ही इथे मरमर करतोय! अरे, काचेला दोन नवीन भोकं पाडून घेतली. त्यासाठी मासे चार दिवस टबांत ठेवले. एकाऐवजी तीन पाइप केलेत. हे बघ." तिने त्याला दंडाला धरून टँकच्या कोपऱ्याशी आणलं. "हा पहिला. हा तोंडापर्यंत पाण्याने भरून चालतो, हवा आत शिरत नाही, म्हणून आवाज नाही. ऐकू येतंय काही? नाही ना? याच्यावर कॉक आहे, किती पाणी सोडायचं ते त्याने ठरतं. उरलेलं थोडंसं दुसऱ्यातून जातं. पहिला तुंबला तर दुसरा सगळं पाणी घेतो. दोन्ही तुंबले तर हा तिसरा. याचं तोंड वर आहे, एरवी कोरडा ठणठणीत. सगळं दादांनी काढलंय. मी फक्त हात."

"सुंदर आहे," थोरला म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "पण उद्या तू जाशील. मी संध्याकाळी जाईन. इथे राहणार हे दोघं. पाणी बघून दादा घाईत उठले, पाय घसरला, तर? बाजूला वीज आहे. पाइपांचं नाही गं मला. यांना वेळेवर काही सांगता येत नाही, त्याची भीती वाटते. कळतं किती तेही..." तो थांबला.

"किती कळतं?" धाकटीने विचारलं.

दादांनी मान खाली घातली. माईंना वाटलं, आता बोलावं. पण पोराच्या बाजूने बोलायचं की नवऱ्याच्या, तेच ठरेना. त्या दुधाचं भांडं शोधायला म्हणून आत गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काका वर आले, हाताला फ्रेमची सोनेरी पूड. "आलास का? बरं झालं. ने ते डबकं घरातून."

"काका, एकदा चाचणी तरी बघा," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर करू. पाइप बंद करून बघू, वीज घालवून बघू. एक थेंब सांडला तर मी स्वतः दंतवैद्याच्या गाडीत टँक चढवून देते."

काकांनी दादांकडे पाहिलं. दादा आशेने त्यांच्याचकडे बघत होते.

"मी खाली टेबलापाशी उभा राहतो," काका म्हणाले. "छताकडे बघत. या खेपेला फोनची वाट बघणार नाही."

तेवढ्यावर थोरल्यालाही हो म्हणावं लागलं.

बाह्या वर करून थोरल्यानेच कप्प्यात हात घातला आणि पहिल्या पाइपाचं तोंड तळहाताने दाबलं. कप्प्यातलं पाणी चढू लागलं. दुसऱ्या पाइपाने आधी घरघर केली, मग खळखळून सगळं पाणी ओढलं. पाणी चढायचं थांबलं.

"खाली काय?" धाकटी खिडकीतून ओरडली.

"कोरडं!" खालून उत्तर आलं.

थोरल्याने दुसऱ्या हाताने दुसराही बंद केला. पाणी पुन्हा चढलं, तिसऱ्याच्या तोंडाशी पोचलं आणि धबधब्यासारखा आवाज करत आत कोसळलं. मोठे चपटे मासे दचकून पलीकडच्या कोपऱ्यात गेले.

"कोरडं!" काका न विचारताच ओरडले. आवाजात थोडा आनंद होता, तो त्यांना लपवता आला नाही.

थोरला हात पुसत हसला. "मानलं, दादा." धाकटीने बापाच्या खांद्यावर थाप मारली. माईंना आपल्याही चेहऱ्यावर हसू आल्याचं जाणवलं आणि त्या चपापल्या. दंतवैद्याला आता काय सांगायचं?

"आता वीज," धाकटी म्हणाली. "पंप बंद पडला की वरचं थोडं पाणी पाइपातून उलटं खाली येतं. तेवढ्यासाठी खालच्या टाकीत जागा ठेवलेली असते. दादा, घालवू?"

दादांनी मान हलवली. थोरल्याने भिंतीवरचा स्विच बंद केला. पंपाची बारीक भुणभुण थांबली. सगळे टँककडे बघत राहिले. वरचं पाणी हळूच खाली सरकलं आणि शांत झालं.

"झालं की," थोरला म्हणाला.

"दूध," दादा म्हणाले.

ते स्टुलावरून पुढे झुकले होते आणि स्टँडच्या आत बघत होते. "दूध! दूध!"

"देते हं, दादा," धाकटी म्हणाली. "एवढं होऊ दे."

"गोळीची वेळ झाली का?" थोरल्याने माईंना विचारलं.

"दूध!" दादा ओरडले. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने ते स्टँडच्या कडेवर थपडा मारू लागले. "दूध गं! दूध!"

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाला दूध कधी आवडलं नव्हतं. मग त्यांनी तो हात पाहिला, आणि हात कुठे पडतोय ते पाहिलं. खालच्या टाकीतलं पाणी काठाला लागलं होतं आणि अजून चढत होतं. गॅसवरचं दूध वर येतं तसं.

उतू जातंय!

माई धावल्या. गॅस बंद करायला धावावं तशा धावल्या, फक्त इथे बटण चालू करायचं होतं. पंप भुणभुणला, पाणी वर खेचलं जाऊ लागलं. तोवर एक पातळ पापुद्रा काठावरून घसरून फरशीवर आलाच होता. धाकटीने हाताला लागला तो टॉवेल त्यावर टाकला आणि वर स्वतः बसली.

जिन्यावरून काका धडधडत वर आले. "पंप बंद झाला, चालू झाला, काय चाललंय? खाली कोरडं आहे. वर काय झालं?"

थोरल्याने ओल्या टॉवेलकडे बोट दाखवलं. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "दादा, बघितलंत ना? हिशेब थोडासा चुकला. कुणाचाही चुकतो. पण इथे चुकून चालत नाही."

दादांनी मांडीवरचा नकाशा उचलला. त्यातल्या खालच्या टाकीवर बोट ठेवलं, मग प्रत्यक्ष टाकीकडे पाहिलं. परत नकाशा, परत टाकी. ओठ हलत होते, आकडे मोजत होते. मग त्यांनी नकाशा उलटा करून ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले.

माईंनी त्यांना झटक्यानंतर दवाखान्यात पाहिलं होतं, जेवताना तोंडातून घास गळताना पाहिलं होतं. पण असं पाहिलं नव्हतं. मुलगा म्हणतो ते खरं असावं, असं आता दादांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

आता नुसतं गप्प राहिलं की झालं. दंतवैद्य येतील, टँक जाईल. बाजारातून अर्ध्या वाटेवरून परत फिरायला नको, सारखं हॉलमध्ये डोकवायला नको. कुणाला काही कळणार नव्हतं.

"हिशेब बरोबर आहे त्यांचा," माई म्हणाल्या.

सगळे वळले.

"सकाळी झाडताना दार उघडलं, तर टाकी अर्धी रिकामी. मला वाटलं, आटली. पंप कोरडा चालला की जळतो, एवढं ऐकून होते. म्हणून बादल्या आणून भरली." त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "ती जागा मुद्दाम ठेवलेली असते, हे मला काय माहीत? मला कधी कुणी सांगितलंय?"

दादांनी मान वर केली. मग ते हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. धाकटी टॉवेलवर बसल्या बसल्या हसली आणि मग काकाही.

"माई, अगं सांगायचं तरी," थोरला म्हणाला.

"आत्ता सांगितलं ना!"

धाकटीने मगाने टाकीतलं जादा पाणी उपसलं, दादा बोटाने "अजून, अजून" करत होते. मग त्यांनी तळवा दाखवला. पुरे. काका पुन्हा खाली गेले. थोरल्याने स्विच बंद केला, आणि या वेळी सगळे वर न बघता खाली वाकले. पाणी चढलं. चढत राहिलं. काठाला वीतभर उरली असताना डुचमळलं आणि थांबलं. बराच वेळ वाट पाहिली. ते तिथेच राहिलं.

"कोरडं!" खालून आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराच, अनोळखी: "नमस्कार. वरच जायचं ना?"

दंतवैद्य हसऱ्या चेहऱ्याचे होते. टँकसमोर उभे राहिले तशी त्यांच्या तोंडून नुसतं "वा" निघालं. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. "लहान मुलं माझ्याकडे येताना रडतात हो. हे समोर असेल तर विसरतील तरी." मग सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "द्यायचाय ना नक्की? नाही, एवढी सुंदर वस्तू, म्हणून विचारतो."

थोरल्याने घसा खाकरला. धाकटीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. काका दारात थबकले. दादांनी तोंड उघडलं. शब्द येईना. त्यांनी मिटून परत उघडलं.

"हिला," ते म्हणाले, आणि बोट माईंकडे केलं. "हिला विचारा."

एकही शब्द चुकला नाही. माईंना वाटलं, आता तरी दुसऱ्या कुणी बोलावं. पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते, दंतवैद्यसुद्धा.

"विकायचं मीच म्हटलं होतं," माई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "पोराने नाही. मीच याला फोन करून सांगितलं. मला भीती वाटते म्हणून."

दादांनी मान हलवली. जणू ठाऊकच होतं, किंवा असं काही असणार हे धरून चालले होते.

"पण नाही द्यायचा," त्या दंतवैद्यांना म्हणाल्या. "तुम्हाला उगाच खेप पडली, माफ करा. चहा घेऊन जा."

"माई," थोरला हलक्या आवाजात म्हणाला, "परत काही झालं, आणि त्यांना सांगता आलं नाही तर?"

"त्यांनी सांगितलं होतं रे. भाऊजींना फोन केला होता. आज इथे बसून ओरडत होते. दोन्ही वेळा त्यांना आपल्या आधी कळलं होतं. कळलं नाही ते आपल्याला."

काकांनी चौकटीवरची सोनेरी पूड अंगठ्याने पुसायला सुरुवात केली. तिथे पूड फारशी नव्हती. "मी चहा टाक म्हणालो त्याला," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. दादा उठले, पाय ओढत त्यांच्यापाशी गेले आणि डावा हात त्यांच्या मानेवर ठेवून दोनदा दाबला, लहानपणी दाबत असतील तसा.

"तरी माझी एक अट आहे," काका नाक ओढून म्हणाले. "स्टँडखाली मोठा ट्रे हवा. ट्रेला भोक, भोकाला पाइप, पाइप थेट बाहेरच्या मोरीत. मग वर समुद्र करा हवं तर."

दादा केव्हाच उलट्या ठेवलेल्या नकाशाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल चालवायला लागले होते. थोरल्याने थोडा वेळ ते पाहिलं. मग शर्टाची बाही आणखी वर केली. "ड्रिल कुठे आहे?" त्याने विचारलं. "संध्याकाळच्या गाडीआधी भिंतीला भोक तरी पाडून ठेवतो."

दंतवैद्यांनी चहा घेतला, पाइपांची सगळी रचना धाकटीकडून समजून घेतली आणि असाच टँक कुठे करून मिळेल ते विचारून गेले. जेवणं उशिरा झाली. दुपारी भिंतीत ड्रिल घरघरत होतं, धाकटी आणि थोरला कुणी कुठे धरायचं यावरून लहानपणीसारखे भांडत होते, तेव्हा माई स्टँडसमोर फरशीवर येऊन बसल्या.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या. "सगळं. पहिल्यापासून."

दादा स्टुलावरून अवघडत खाली उतरले आणि शेजारी बसले. पहिल्या पाइपावरच्या कॉकला हात लावून म्हणाले, "चमचा." लगेच ओठ मिटले, मान हलवली, चुकलं म्हणून.

"चमचा," माई म्हणाल्या. "असू दे. चमचा कुठे फिरवला की पाणी कमी?"

त्यांनी दाखवलं. माईंनी फिरवून पाहिला. मग दादांनी त्यांचा हात धरून खालच्या टाकीच्या काचेवर नेला. तिथे बाहेरून एक बारीक काळी रेघ ओढलेली होती, सकाळी बादल्या ओतताना माईंच्या नजरेतच न आलेली, आणि नंतर पाइपांच्या गडबडीत कुणीच न पाहिलेली. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले.

"उंबरठा," ते म्हणाले.

माईंनी रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे पाणी याच्या वर जाऊ द्यायचं नाही."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी ओठ मिटले नाहीत.